लघवीची गोळी आणि सहाची दुधनी

नळीत चढणारा पारा मी पहिल्यांदा पाहिला तो डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी चौतीस वर्षांची, सातवी शिकलेली, घरी मशीनवर झंपर शिवणारी बाई. माझे यजमान एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर. सोलापूरहून सकाळी सहाला सुटणारी दुधनीची गाडी यांच्याकडे असायची. आठवडाभर यांची मान मागून ठणकत होती, आणि त्या दिवशी डेपोत तोंड धुताना नाकातून रक्त आलं. हे "उन्हानं झालं" म्हणत होते. मी अक्षरशः ओढत यांना दवाखान्यात नेलं.

बाईंनी यांच्या दंडाला कापडी पट्टा गुंडाळला, कानात नळ्या घातल्या आणि रबराचा फुगा दाबायला सुरुवात केली. तशी काचेच्या नळीतली चांदीसारखी रेघ सरसर वर चढली. मला यांच्या आजाराची काळजी वाटायला हवी होती, वाटतही होती, पण खरं सांगते, मी त्या पाऱ्याकडेच बघत राहिले. माणसाच्या आतलं काहीतरी बाहेर असं उभं राहून दिसतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

"एकशे नव्वद. खालचं एकशे दहा," बाई म्हणाल्या.

"म्हंजे लई हाय का?" यांनी विचारलं.

"लई हाय," बाई यांच्याच बोलीत म्हणाल्या. बाईंचं वय साठीच्या आसपास, आवाज खणखणीत, आणि पेशंटला उगाच गोंजारायची सवय नव्हती. त्यांनी कागदावर औषध लिहिलं. "रक्ताच्या नळ्यांमधला दाब वाढलाय. अंगातलं जादा मीठ आणि पाणी लघवीवाटे निघून गेलं की दाब उतरतो. त्याची ही गोळी. रोज सकाळी एक. जेवणात मीठ कमी. पापड, लोणचं बंद."

"किती दिवस घ्यायची गोळी?"

"रोज."

"रोज व्हय, पण किती दिवस?"

"अहो, रोज म्हणजे रोज. कायम."

हे हसले. "ताप न्हाय, खोकला न्हाय, आन् कायम गोळी?"

बाई हसल्या नाहीत. दाब आतल्या आत मेंदूला, हृदयाला, मूत्रपिंडाला काय करतो ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. मग यांचा चेहरा उतरला. पण यांना भीती वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. पाच महिन्यांनी ड्रायव्हरांची तपासणी होती. त्यात दाब असा निघाला तर हातातलं स्टेअरिंग जाणार आणि डेपोच्या फाटकावर वही घेऊन बसावं लागणार. यांच्या एका सोबत्याचं तसं झालं होतं. डोळ्यांमुळं. तो रोज फाटकावर बसून दुसऱ्यांच्या गाड्या जाताना बघायचा.

"बाई, तुमच्या हितं आलं की माझं काळीज धडधडतंय. तेनं जास्त दिसत आसल की," हे म्हणाले.

"तसंही होतं काही जणांचं," बाई म्हणाल्या. "घरी मोजायला कुणी असतं तर खरं काय ते कळलं असतं."

मी पटकन म्हणाले, "मला शिकवा की."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी स्वतःसुद्धा चमकले. पण तोंडातून निघून गेलं होतं, आणि मागं घ्यावंसं वाटत नव्हतं.

बाईंनी मला दुपारी चार दिवस बोलावलं. दवाखान्यातले कंपाउंडर, पन्नाशीचे, गरीब स्वभावाचे, बाही वर करून स्टुलावर बसायचे आणि मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधायचे. पहिल्या दिवशी कानाच्या नळ्या उलट्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सगळं बरोबर केलं तरी काहीच ऐकू येईना, बाहेरच्या टांग्याची घंटा मात्र ऐकू येत होती. तिसऱ्या दिवशी बाईंनी माझं बोट धरून कोपराच्या आतल्या बाजूला नेमकं कुठं धडधडतं ते दाखवलं. मी तिथं चकती ठेवली, फुगा दाबला, मग स्क्रू हळूच सैल केला. पारा उतरायला लागला. आणि एकदम, अगदी लांबून कुणी दार वाजवावं तसं, ठक. ठक. ठक.

"आलं! आलं!" मी ओरडलेच.

बाहेर बसलेले पेशंट उठून आत डोकावले. कंपाउंडर दचकले. बाई म्हणाल्या, "ओरडू नका, आकडा बघा. पहिला आवाज आला तिथं वरचं. आवाज नाहीसा होईल तिथं खालचं."

चौथ्या दिवशी माझा आकडा आणि बाईंचा आकडा जुळला. बाईंनी कपाटातून एक जुनं यंत्र काढलं. पत्र्याची पेटी, रबराच्या नळीला एके ठिकाणी सायकलच्या दुकानात लावतात तसलं ठिगळ. "घेऊन जा. पारा सांडू नका. आठवड्यातून दोनदा मोजायचं, वहीत लिहायचं, महिन्यानं मला दाखवायचं."

ती पेटी छातीशी धरून मी घरापर्यंत चालत आले. रिक्षात बसले नाही, खड्ड्यात आदळून पारा सांडेल म्हणून. वाटेत ओळखीच्या बायकांनी विचारलं, "काय घेतलंस ग?" मी म्हणाले, "आमच्या ह्यांचं आतलं बघायचं यंत्र." त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

पहिला दीड महिना यांनी गोळी नियमित घेतली. पहाटे पाचला चहाबरोबर घ्यायचे. मी शेंगाची चटणी दोन वाटणांत कुटायला लागले, एक आमची आणि एक यांची, बिनमिठाची. पहिल्या दिवशी यांनी घास तोंडात घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी माती वाढली होती. मग मी त्यात लसूण वाढवला, लिंबू पिळायला लागले. कडक भाकरीशी ती चटणी खपायला लागली.

आणि आकडे उतरायला लागले! एकशे ऐंशी. एकशे सत्तर. एकशे अठ्ठावन्न. दिवाळीच्या पाडव्याला मी यांना ओवाळलं, ताट खाली ठेवलं आणि लगेच पट्टा बांधला. एकशे चाळीस, नव्वद. मी दुसऱ्यांदा मोजलं. तेच. मला इतका आनंद झाला की फराळाचं ताट वाढायचं सोडून मी वही घेऊन थेट बाईंच्या घरी गेले. सणाच्या दिवशी मला दारात उभी राहिलेली बघून त्या घाबरल्या, काय झालं म्हणून. मी वही पुढं केली. त्यांनी चष्मा लावला, सगळे आकडे बोट फिरवत वाचले आणि मला आत बोलावून स्वतःच्या हातानं लाडू दिला.

संक्रांतीच्या आसपास आकडे परत चढायला लागले. एकशे पन्नास. एकशे साठ. एकदा तर एकशे बहात्तर. मला वाटलं, यंत्र बिघडलं. ठिगळातून हवा जात असेल. पेटी उचलून दवाखान्यात नेली, कंपाउंडरांच्या दंडावर बाईंच्या यंत्राशी ताडून पाहिली. दोन्हींत तोच आकडा. माझ्या दंडाला लावून पाहिलं, माझं अगदी ठीक. म्हणजे यंत्र खरं बोलत होतं.

घरी येऊन मी यांची गोळ्यांची बाटली बघितली. ती बरोबर जेवढी हवी तेवढी रिकामी होत होती. त्यानं मी आणखीच गोंधळले. शेवटी दुपारी हे जेवून बसले असताना सरळ विचारलं, "अहो, गोळी घेताय ना?"

"घेतो की."

"माझ्याकडं बघून सांगा."

यांनी बघितलं नाही. पाण्याचा तांब्या उगाच फिरवत बसले. मग म्हणाले, "दीड महिना झाला, न्हाय घेतली. रोज एक काढून खिशात टाकतो आन् कुंभारीच्या पुढं खिडकीतनं फेकतो."

मला राग असा आला होता की मशीनवरचं झंपर उचलून मी खाली आपटलं. "का? का पण?"

मग यांनी सगळं सांगितलं. गोळी पाचला घेतली की गाडी सुटेपर्यंत काही नसायचं. वळसंगच्या अलीकडं असं लागायचं की डोळ्यांपुढं रस्ता दिसेना. गाडी बाजूला घ्यायची, बाभळीमागं जायचं. अक्कलकोटला स्टँडवर पुन्हा. दुधनीच्या वाटेवर पुन्हा. पहिल्यांदा लोक काही बोलले नाहीत. मग रोजचे प्रवासी हसायला लागले. एक दिवस गाडीत लग्नाचं वऱ्हाड होतं, मुहूर्ताची घाई होती. हे बाभळीमागं असताना कुणीतरी येऊन भोंगा वाजवला, आणि वऱ्हाडातली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "ह्यो डायवर हाय का पानपोई हाय?" अख्खी गाडी हसली.

"वीस वर्सं गाडी चालवली म्या," हे म्हणाले. "एकदा कुनी बोट दाखवलं न्हाय. आन् मला बरं बी वाटत हुतं. मान दुखंना, डोकं दुखंना. म्हटलं, बरा झालो, आता कशाला?"

माझा राग निम्मा तिथंच विरघळला. बाभळीमागून गाडीपर्यंत सगळ्यांच्या नजरा झेलत चालत येणारे हे मला दिसले. पण वहीतला एकशे बहात्तरचा आकडाही दिसत होता, आणि तपासणीला दोन महिने उरले होते.

"चला," मी म्हणाले.

"कुटं?"

"बाईंकडं. आत्ताच्या आत्ता."

बाईंनी ऐकून घेतलं. मला वाटलं, यांना झापतील. त्या स्वतःच्याच कपाळाला हात लावून म्हणाल्या, "चूक माझी. सकाळी घ्या म्हणाले, पण सकाळी तुम्ही कुठं असता ते विचारलंच नाही. ड्यूटी किती वाजता सुटते?"

"दोनला."

"मग गोळी दोनला. घरी आल्या आल्या. रात्रीपर्यंत जे व्हायचं ते होऊन जाईल, झोपमोड होणार नाही. आणि एक लक्षात ठेवा. बरं वाटतंय ते गोळीमुळं. गोळी सोडली की दाब परत येणार. तुम्ही गाडी चालवताना उतारावर ब्रेकवरचा पाय काढता का, गाडी हळू झाली म्हणून?"

हे एकदम सरळ बसले. बाईंनी वर्षभर समजावून सांगितलं असतं तरी जे डोक्यात गेलं नसतं, ते त्या एका वाक्यानं गेलं. "न्हाय बाई," ते म्हणाले. "उतार संपस्तवर न्हाय काडत."

"तुमचा उतार लांबचा आहे. पाय ठेवूनच राहायचं."

दुसऱ्या दिवसापासून दोन वाजता यांची सायकल दारात लागली की मी पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन उभी. पहिल्याच आठवड्यात कळलं की हे बरोबर जमणार आहे. सकाळची गाडी वळसंग मागं टाकून न थांबता अक्कलकोटला पोहोचायला लागली. यांचे कंडक्टर आमच्याच गल्लीत राहायचे, घरात कन्नड बोलायचे आणि बाहेर मराठी. ते संध्याकाळी मुद्दाम दारात येऊन सांगून जायचे, "वहिनी, आज एकदाबी न्हाय थांबली बघा!" गल्लीतल्या लोकांना वाटायचं, गाडीचंच काहीतरी दुरुस्त झालंय.

आकडे पुन्हा उतरायला लागले. एकशे साठ. एकशे पन्नास. मी प्रत्येक मोजणीच्या आधी मनात धावा करायचे आणि पारा उतरताना श्वास धरून ठेवायचे. हे म्हणायचे, "तू श्वास धरलीस तर तुझंच वाढंल."

तपासणीला तीन आठवडे असताना हे घरी आले ते लंगडत. अक्कलकोटच्या आधी क्लच दाबताना डाव्या पोटरीत असा गोळा आला होता की पाय दगडासारखा झाला. कशीबशी गाडी कडेला घेतली. कंडक्टरनी खाली उतरवून पोटरी चोळली, दहा मिनिटांनी पाय हलला. रात्री झोपेतही दोन-तीनदा असं झालं होतं, अशक्तपणाही वाटत होता, हे तेव्हाच यांनी सांगितलं.

"मला वाटतंय ही गोळीच करतीय," हे म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "पन ह्या बारीला फेकली न्हाय बघ म्या. आधी तुला सांगतोय."

त्या वाक्यानं मला किती बरं वाटलं! पाय चोळता चोळता मी हसायला लागले, आणि हे माझ्याकडे वेड्यासारखे बघायला लागले.

बाईंनी रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी कागद आला. लघवीवाटे मीठ-पाणी जातं त्याच्याबरोबर पोटॅशियम नावाचा एक क्षारही जातो, आणि तो यांच्या अंगात कमी पडला होता. गोळी बऱ्याच दिवस घेणाऱ्यांचं असं होऊ शकतं, म्हणून मधूनमधून रक्त बघावं लागतं, असं बाईंनी सांगितलं. गोळी त्यांनी निम्मी केली, काही दिवसांसाठी एक औषधी पाणी दिलं आणि केळी, शहाळं, मोसंबी खायला सांगितली. पाय पूर्ण ठीक होईपर्यंत गाडीवर जायचं नाही, असंही बजावलं. यांनी पाच दिवस रजा टाकली. इतक्या वर्षांत यांनी स्वतःच्या आजारपणासाठी टाकलेली ती पहिली रजा.

घरात केळ्यांचा घड टांगला गेला. सकाळी दोन, दुपारी एक. हे म्हणायचे, "माकड करून सोडलंस मला." पण पाचव्या दिवशी अंगणात उठाबशा काढून दाखवल्या. पोटरीत काही नाही! निम्म्या गोळीवरही आकडा एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी. मी वहीत तो इतका दाबून लिहिला की मागच्या पानावर उमटला.

तपासणीच्या दिवशी सकाळी मला चहासुद्धा गेला नाही. हे मात्र शांत. इस्त्रीची खाकी घालून, केस पाण्यानं चापून बसवून निघाले. मी सोबत येणार म्हटल्यावर म्हणाले, "लोक काय म्हनतील, डायवर बायकूला घिऊन आलाय." मग सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालतच निघाले.

सरकारी दवाखान्याच्या आवारात एक मोठं कडुलिंबाचं झाड होतं. तिथं सात-आठ ड्रायव्हर रांगेत उभे. मी झाडाखाली बसले. कंडक्टर त्या दिवशी सुट्टीवर होते, तेही आले आणि माझ्यापेक्षा जास्त येरझाऱ्या घालायला लागले. एकेक जण आत जायचा, बाहेर यायचा. यांच्या आधीचा एक खाली मान घालून बाहेर आला, तशी मी उठून उभी राहिले. मग हे आत गेले.

बाकीच्यांना पाच-पाच मिनिटं लागली होती. यांना पंधरा झाली, तरी पत्ता नाही. मला खात्री पटली की पारा चढलाय, आत परत परत मोजताहेत. कंडक्टर म्हणाले, "वहिनी, तुमी बसा हो, पाणी प्या." मी उभीच.

आणि हे दारात आले. माझ्याकडे बघून यांनी दोन्ही हात छातीसमोर उचलले आणि हवेतच स्टेअरिंग धरून डावीकडं, मग उजवीकडं, असं वळवून दाखवलं.

"पास!" कंडक्टर एवढ्या मोठ्यानं ओरडले की झाडावरचे कावळे उडाले. मी पदर डोळ्यांना लावला, लगेच काढला, कारण मला यांचा चेहरा बघायचा होता. आतल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, घरी कोण मोजतं? यांनी सांगितलं, बायको. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून यांनी खिशातून वही काढली. ती मी न सांगता यांनी सोबत आणली होती. डॉक्टरांनी सगळी वही बघितली, तेवढाच उशीर.

पुढच्या सोमवारी मी यांच्या गाडीत बसले. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि यांची सहाची दुधनी मी कधी आतून पाहिली नव्हती. ड्रायव्हरच्या मागची सीट कंडक्टरनी माझ्यासाठी राखली होती. मांडीवर पत्र्याची पेटी, कारण दुधनीहून परत आल्यावर ती बाईंना दाखवायची होती. कुंभारी गेली, वळसंग गेलं, दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी झालेली रानं, समोर तांबडं ऊन. यांचे हात स्टेअरिंगवर असे हलकेच फिरत होते, की मला शिवणयंत्राच्या चाकावरचे माझेच हात आठवले. अक्कलकोटपर्यंत गाडी मध्ये फक्त थांब्यांवर थांबली.

दुधनीच्या स्टँडवर चहाच्या दुकानात बसलो. कंडक्टरना राहवेना. त्यांनी दुकानवाल्याला मराठीत आणि बाकीच्यांना कन्नडमध्ये माझ्या पेटीबद्दल सांगून टाकलं. दुकानवाला बाही वर करून पुढं आला. "बगा की माझं." त्याच्यामागं हमाल, मग बाजाराला आलेला एक म्हातारा, मग केळीवाला. परतीला पाऊण तास होता, आणि मी चहाच्या टेबलावर पेटी मांडून एकेकाचा दंड बांधत होते. लोक पाऱ्याकडे बघून "हो हो हो" करत होते.

अकरावी एक बाई होती. चाळिशीची, मिरच्यांची पाटी घेऊन बसणारी. मराठी येत नव्हतं. मी मोजलं आणि माझा हात थांबला. दोनशे दहा, एकशे वीस. पाच मिनिटं बसवून परत मोजलं. तेच.

"त्यांना विचारा, डोकं दुखतं का?" मी कंडक्टरना म्हणाले.

त्यांनी विचारलं. "हौद्रि," म्हणजे हो, असं ती म्हणाली, आणि मानेच्या मागं हात लावून दाखवला.

मला सगळं समजावून सांगायला शब्द नव्हते. मी यांच्याकडे बघितलं. हे खुर्ची सोडून उठले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि आपल्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये बोलायला लागले. बाभूळ, म्हातारी, खिशातली गोळी, पोटरीतला गोळा, काही काही लपवलं नाही. ती बाई आधी पदराआड हसली, मग ऐकत राहिली, आणि शेवटी पाटी शेजारणीच्या हवाली करून आमच्याबरोबर गाडीत चढली. तिला आम्ही तसंच बाईंच्या दवाखान्यात नेलं.

महिन्याभरानं हे दुपारी घरी आले ते हातात मिरच्यांची पुडी घेऊन. "तिनं दिल्यात," हे म्हणाले. "डोकं दुखायचं थांबलंय म्हनं. मला म्हनली, आता बरं वाटतंय, गोळी बंद करू का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या तिला गाडीचा ब्रेक दावला," हे म्हणाले, आणि पाण्याच्या पेल्यासाठी हात पुढं केला.